डेस्मंडची एअर रायफल

यॉर्कशरमधल्या बंदुकीच्या दुकानात, बाळ कडेवर घेऊन मी रांगेत उभी होते. पुढे विनिफ्रेड मावशी नवऱ्याची, डेस्मंडकाकांची, एअर रायफल काउंटरवर ठेवून दुरुस्तीवाल्या रॉयशी बोलत होत्या.

“जोर निम्मा कर रे.”

“काका चिडतील, मावशी. विनापरवाना चालतो तेवढा, कायद्याच्या अगदी काठावर ठेवलाय त्यांनी.”

“परवा डब्यावरचा नेम चुकला. छर्रा शेजाऱ्यांच्या कुंडीत.”

“मग छर्रे लपवा.”

“रडतो रे.”

“पण एकदम निम्मा केला तर आवाजावरून ओळखतील, की ही आपली नव्हे.”

“मला ओळखत नाही आता. हिला तेवढं ओळखतो.”

“...दर आठवड्याला आणा. स्प्रिंग पाव फेरा ढिली करत जाऊ. कळणार नाही त्यांना.”

“पार ढिली झाल्यावर?”

“तोवर हीसुद्धा आठवणार नाही, मावशी.”

“दे तो पाना. पहिला पाव फेरा मी फिरवते.”