नाव कोणी सुचवायचं?

मंडळी, कीर्तनाला बसलाच आहात, तर आधी एक प्रश्न घ्या. माणूस जिंकला. हवं होतं ते हाताशी आलं. तरी तो तिथं थांबत का नाही? त्याला आणखी काय हवं असतं? पैसा म्हणाल, तर चुकलात. थांबा, घाई करू नका. गोष्टच सांगेल.

ही माझ्या तरुणपणची हकिगत. तेव्हा प्रचाराची जीप गावात शिरली की आम्ही बायका पिठाच्या हातांनीच दारात यायचो. पोरं कागदी झेंड्यांसाठी जीपमागं धावायची. राज्य कुठलं, पक्ष कुठला, ते मात्र विचारू नका. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे आत्ताच उठून जातील!

तर तो पक्ष निवडून आला. आता आमदारांनी आपला नेता निवडायचा. जो नेता होईल, तोच मुख्यमंत्री. गट दोन. एका गटाचे दाजीसाहेब नलवडे, दुसऱ्याचे भाऊसाहेब काळभोर. लहानपणी एकाच बोर्डिंगात शिकलेले, एका ताटात जेवलेले — आणि मोठेपणी एकमेकांना पाण्यात पाहणारे.

दोघांच्या मधे हिराअक्का मोहोळकर. दुष्काळी मुलखातल्या आमदार. माझ्या माहेरी शेजारीच राहायच्या, त्यांच्याच तोंडून हे मी ऐकलं. अक्का आपली माणसं घेऊन दाजीसाहेबांकडं गेल्या.

"आमची मतं तुम्हाला. मला मंत्रिपद नको. पाटबंधारे खातं तेवढं स्वतःच्या हातात ठेवा. आमचा कालवा दर वेळी दुसऱ्याच्याच शिवारात वळतो."

"शब्द दिला, अक्का."

पारडं झुकलं. दिल्लीहून निरीक्षक आले, सर्किट हाउसवर एकेका आमदाराला खोलीत बोलावून विचारलं. बहुमत दाजीसाहेबांचं. झालं की नाही काम? आता बैठक भरवायची, नाव सुचवायचं, हार घालायचा.

पण त्या पक्षात एक रीत होती. हरलेल्यानं उभं राहून जिंकलेल्याचं नाव सुचवायचं. सक्ती नाही, नुसती रीत. आणि भाऊसाहेब म्हणाले, मी सुचवणार नाही.

अक्का म्हणाल्या, "त्यात काय अडलं? मी सुचवते."

दाजीसाहेबांनी मान हलवली. "तुम्ही माझ्याच. तुमच्या तोंडून ऐकून काय उपयोग? त्यानं म्हणायला पाहिजे."

ऐकलंत? आता कळलं, जिंकलेल्याला काय हवं असतं?

व्हरांड्याच्या या टोकाला दाजीसाहेबांची खोली, त्या टोकाला भाऊसाहेबांची. मधे अक्का — दोघांनाही त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून निरोप त्यांच्याच हाती. भाऊसाहेब भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेले.

"अक्का, त्याला सांगा, मी हात वर करीन. माझी माणसंही करतील. जीभ मात्र माझी आहे." एक शेंग फोडली. "महसूल खातं दिलं तर बघू."

दाजीसाहेबांनी महसूल दिलं.

"बांधकामाशिवाय घसा मोकळा होत नाही म्हणावं."

बांधकाम दिलं. मग सहकार गेलं. काय गंमत आहे बघा! खुर्ची ज्याची ठरली, तोच एकेक देत चाललाय. आणि हरलेला शेंगा खात बसलाय.

शेवटी भाऊसाहेब म्हणाले, "आता पाटबंधारे. तेवढं दिलं की उठतो."

अक्का परत आल्या, पण खोलीत शिरल्या नाहीत. दारातूनच बोलल्या. "त्यानं पाटबंधारे मागितलंय. याचा होकार मी नेणार नाही. दाजीसाहेब, उठा आणि बैठकीला चला. तुम्ही नेते झालेलेच आहात."

"एका ताटात जेवलोय आम्ही, अक्का. सगळ्यांसमोर त्यानं एकदा म्हणावं, एवढंच मागतोय मी."

"आणि माझा कालवा?"

दाजीसाहेबांनी चपला घातल्या, अक्कांच्या शेजारून बाहेर पडले आणि स्वतःच त्या टोकाच्या खोलीत गेले.

बैठक भरली. भाऊसाहेब उठले. "दाजीसाहेब नलवडे यांचं नाव मी सुचवतो." आणि खाली बसले. एवढंच! ना गुण सांगितले, ना जुनी आठवण काढली. दाजीसाहेब मात्र मान पुढं करून वाट बघत राहिले — आणखी काही म्हणतोय का.

अनुमोदन अक्कांनी द्यायचं ठरलं होतं. त्या उभ्या राहिल्या. अक्कांनी दाजीसाहेबांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या भाऊसाहेबांकडं वळल्या.

"भाऊसाहेब, माझी माणसं पाण्यासाठी उद्यापासून तुमच्या दारात येतील. उभं कराल ना त्यांना?"

भाऊसाहेब चपापले. "या की, अक्का."

"मग माझं अनुमोदन आहे," म्हणाल्या, आणि बसल्या. हार घालायची वेळ झाली, तेव्हा दाजीसाहेबांची मान खालीच होती. लोकांना वाटलं, केवढा विनय!

मंडळी, हसलात. हसा. पण जावेनं एकदा बरं म्हणावं म्हणून तुम्ही काय काय देऊन टाकलंत? भावकीनं मान डोलवावी म्हणून लग्नाच्या थाटात पोरीच्या शिक्षणाच्या पैशाचं काय केलंत? जे आपले, त्यांच्या तोंडचं आपल्याला गोड लागत नाही. आणि जो बोलणार नाही, त्याच्या दाराशी आपण दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी नेऊन ओततो. देव तर आपलाच, म्हणून त्यानं आपलं ऐकलं, एवढं आपल्याला पुरत नाही.

चला, टाळ उचला. नाव घ्या, मोकळ्या गळ्यानं घ्या. आणि शेजारचा ऐकतोय का, ते बघू नका.