धाकट्याचा अंगठा

नाही नाही, बसा तुम्ही, पाय मी घेतो आत — फक्त त्या अंगठ्याला धक्का लावू नका. मुरगळलेला नाही हो. युरिक अ‍ॅसिड. नुसता पंख्याचा वारा लागला तरी जीव जातो. आता तुम्ही म्हणाल, पीत असतील. सगळे तेच म्हणतात, मीही तेच म्हणायचो — थेंबाला शिवलो नाही कधी, मटण सोडून वीस वर्षं झाली — आणि काल इथेच, आज आणायचा रिपोर्ट लिहून देताना डॉक्टर विचारतात, घरात कोणाला होतं का?

होतं ना. वडिलांना होतं. अंगठा लालबुंद, अंगावरची चादरसुद्धा सोसायची नाही. ते प्यायचे, म्हणून आई म्हणायची, केलेलं फेडतायत. आम्ही दोघं भाऊ तेच ऐकत वाढलो. पुढे धाकटा माझ्याच हाताखाली लागला — छापखान्यात, मी फोरमन, तो मशीनवर, दिवसभर उभ्याचं काम. तिशीही गाठली नव्हती त्याने, आणि एक दिवस लंगडत आला. दादा, अंगठा ठणकतोय, उभं राहवत नाही, दोन दिवस सुट्टी दे. मी ठरवूनच टाकलं — बाप तसा बेटा. महिन्याकाठी मित्रांबरोबर एखादा ग्लास घ्यायचा तो, तेवढंच. पण सगळ्या कामगारांदेखत मी म्हणालो, "ढोसताना नाही दुखला अंगठा?" त्याचा पाय बुटात जाईना, तर चपलेवर उभा राहिला, आठ तास. दुसऱ्या दिवशी आलाच नाही, मग मी — म्हणजे मालकांनी काढलं त्याला. मालकांनीच. आता त्यांना सांगितलं कोणी म्हणाल, तर... मीच. 'दारूमुळे गैरहजर' — लिहून दिलं, खाली सही करून. त्यानंतर एकाही छापखान्याने त्याला दारात उभं केलं नाही.

चौदा वर्षं झाली, बोलणं नाही. आणि काल डॉक्टर मला समजावतात — काही घराण्यांत मूत्रपिंडांना ते अ‍ॅसिड नीट बाहेर टाकताच येत नाही, जन्मापासूनच. दारूने भर पडते, पण मूळ वारशाने येतं. सख्खा भाऊ आहे ना, त्याला सांगा, म्हणाले, वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर सांधे वाचतात. सांगा म्हणे. किती सोपं!

केला ना फोन, केला. आज सकाळीच, मामेबहिणीकडून नंबर घेऊन. त्याच्या मुलीने उचलला. बारा-तेराची असेल, मी पाहिलेलीसुद्धा नाही तिला. म्हणाली, "बाबा पायावर बर्फ धरून बसलेत, त्यांना उठता येत नाही. कोण बोलतंय?"

राँग नंबर, म्हणालो.

असे बघू नका माझ्याकडे. तुमचं नाव पुकारलं आत — जा. जा तुम्ही.