गडग्यावरची फांदी

गिरणीच्या संपात आमचा बाळूकाका मुंबईहून गावी आला आणि हातांना काम नाही म्हणून त्यानं चुलतभावाशी हद्दीचा वाद उकरून काढला. त्यातच फणसाची वाळकी फांदी नेमकी दोघांच्या हद्दीवरच्या दगडी गडग्याजवळ. काठीच्या टोकाला करवत बांधून काका बरोबर त्या फांदीखाली उभा राहिला.

काकू ओरडली, "अहो, डोक्यावर पडेल! गडग्यापलीकडे उभे राहून कापा."

"त्याच्या जमिनीत पाय ठेवू? मेलो तरी नाय!"

फांदी कडाडली. काकानं करवत टाकून उडी मारली ती थेट गडग्यापलीकडे. पाय मोडला, तरी विव्हळत विचारतो, "फांदी कुणाच्या हद्दीत पडली?"

काकू म्हणाली, "फांदी आपल्याच हद्दीत आहे. तुम्हीच तेवढे त्यांच्यात पडलाय."