गाडी होतच आली

नाही, दोन तास म्हणजे नक्की किती, एवढंच मला कोणीतरी सांगा. कारण माझ्या घड्याळात दोन तास म्हणजे दोनच तास असतात, पण डहाणूच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर रुपल म्हणून एक मुलगी बसते, तिचे दोन तास वेगळे आहेत... सकाळी साडेआठला मी गाडी लावली, तिने जॉब कार्ड फाडलं, मी विचारलं किती वेळ, तर मान वर न करता म्हणाली, दोन तास. साडेदहाला गेलो, तर म्हणाली, "दादा, होतच आली." अकराला गेलो, होतच आली. आणि गाडी कुठे? मी सकाळी जिथे स्टँडवर लावली तिथेच, आरशाला माझं हेल्मेट तसंच लटकलेलं. हात लावला असता तर हेल्मेट तरी काढलं असतं ना?

आणि मी काही अडाणी गिऱ्हाईक नाही, तुम्हाला सांगतो. मी धनेश, नरपडला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, पंधरा वर्षं झाली, साबणाने हात धुतले तरी नखं काळीच राहतात. मला मोटरसायकलच्या सर्व्हिसचं काय सांगता? जुनं ऑइल काढायचं, नवीन भरायचं, एअर फिल्टर झटकायचा, प्लग पुसायचा, चेन धुऊन ताणायची, ब्रेक बघायचे, वरून पाणी मारायचं, झालं. दीड तास. मध्ये चहा पिऊन पावणेदोन.

मग स्वतःच का नाही केलीस म्हणाल. वॉरंटी. बाहेर खोललीत तर वॉरंटी जाईल असं घेतानाच सांगून ठेवलेलं, आणि हप्ते चालू असलेल्या गाडीची वॉरंटी घालवायची माझी हिंमत नाही. चाळीस फुटांच्या बोटीचं इंजिन मी एकटा उघडतो, पण घरच्या मोटरसायकलचा नट फिरवायला मला परवानगी नाही. असो.

आता तुम्ही म्हणाल, एक शनिवार गेला तर एवढं काय. तेच सांगतो.

माझी बायको योगिता, नर्स आहे, तलासरीच्या पुढे आत एका उपकेंद्रात. दोन वर्षं झाली बदलीला. राहते तिथेच, क्वार्टरमध्ये. मी नरपडला. का, तर माझं इंजिनांचं काम समुद्राकडे आणि तिची माणसं डोंगराकडे. शनिवारी दुपारी मी गाडी काढतो, तीस-पस्तीस किलोमीटर जातो, तिला घेऊन येतो, रविवारी संध्याकाळी सोडतो. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोन अशी. कोणी विचारलं की बायको काय म्हणते, तर मला आधी वार आठवावा लागतो.

आणि त्यात तिला ट्रेनिंग लागलं. नाशिकला. तीन महिने. पहिला दीड महिना सुट्टी नाही. शनिवारी साडेचारची डहाणूहून नाशिकची एस्टी, रविवारी तिकडे हजर व्हायचं. म्हणजे आमच्या वाट्याला शनिवारची सकाळ आणि दुपार. मी सगळं बसवून ठेवलं होतं. साडेआठला गाडी सर्व्हिसला, साडेदहाला बाहेर, साडेअकराला तलासरी, एकला घरी, घरी बोंबील. आदल्या दिवशीच आणून, साफ करून, वजनाखाली दाबून, मसाला लावून फ्रीजमध्ये. तिला आवडतात तसे, रव्यात, कडक. जेवून तीन तास निवांत.

मग त्याच दिवशी सर्व्हिस कशाला काढलीस, हे मला घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, आणि आमच्या जेटीवरच्या सगळ्यांनी विचारून झालंय. आदल्या रविवारी मागे बसून ती म्हणाली होती, गाडी हिसके देते हो, कंबर दुखते, आणि चेन तर अशी वाजते की पुढच्या पाड्यापर्यंत ऐकू जाईल. म्हटलं, तीन महिने जायचंय, शेवटच्या फेरीत तरी हिचं अंग दुखायला नको. तिच्यासाठीच केलं ना मी? मंगळवारी करायची होती, दिपकच्या बोटीचं इंजिन आलं. गुरुवारी करायची होती, तेच इंजिन. राहिला शनिवार.

सव्वाअकराला मी फोन केला. म्हटलं, योगिता, जरा उशीर होतोय, पण गाडी होतच आली. नर्स आहे ती, होतच आली म्हणजे किती बाकी असतं हे तिला माझ्याहून जास्त कळतं. म्हणाली, तुम्ही थांबा, मीच येते.

आणि आली. जीपने तलासरी, पुढे एस्टी, दोन मोठ्या बॅगा, खांद्याला डब्याची पिशवी. पावणेएक वाजलेला. दारात उभी राहून तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. गाडी आता आत गेली होती, सीट काढलेली, टाकी काढलेली. म्हणजे चार तासांत हेल्मेट काढण्यापर्यंत प्रगती होती.

मी म्हटलं, चल, रिक्षा करू, घरी जाऊ, गाडी मी उद्या नेतो. खरंच म्हटलं. तर रुपल काउंटरवरून म्हणाली, दादा, आता कशाला जाता, होतच आली. आणि आम्ही बसलो. तुम्ही हसाल, पण तुम्हीही बसला असता. एकदा वाट बघायला लागलं ना, की जितकी बघितली तितकी वाया जाऊ नये म्हणून माणूस आणखी बघतो. वीस मिनिटांत रिक्षाने घरी पोचलो असतो. त्या वीस मिनिटांसाठी आम्ही तीन तास बसलो.

मी काउंटरवर गेलो आणि म्हटलं, लेबर किती लावलंय ते तरी दाखवा. तर लेबर चारशे ऐंशी, चेनचं वेगळं, ब्रेक साफ करण्याचं वेगळं. मी म्हटलं, चेन आणि ब्रेक सोडून सर्व्हिस म्हणजे मग काय करता, आरती ओवाळता का? रुपल म्हणाली, दादा, सिस्टिममधून येतं. मी म्हटलं, आमच्या नाक्यावर बाबल्या अडीचशे घेतो, समोर बसवून करतो, आणि चहाही तोच पाजतो. ती म्हणाली, मग वॉरंटी? 

तेवढ्यात आतून मेकॅनिक आला, धर्मेश. चाळिशीचा असेल, फडक्याला हात पुसत. आवाज न चढवता म्हणाला, "धनेशभाई, ते चारशे ऐंशी माझ्या खिशात येत नाहीत. मला महिन्याचे तेरा हजार. आज गाड्या चौदा, आणि माणसं आम्ही दोघं. तुमच्या गाडीला मी दीड तासच लावणार. त्याच्या आधीचे तास तुमच्या आधी नंबर लागलेल्या गाड्यांचे आहेत."

मी काहीतरी बोलणार होतो, पण योगिता मागून म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. माझी बायको, तीन महिन्यांसाठी निघालेली, आणि मेकॅनिकच्या बाजूने. म्हणाली, माझ्याकडेही साठ माणसं येतात, एकेकाला मी पाच मिनिटं देते, आणि ती सकाळपासून उन्हात बसलेली असतात. बाहेर येऊन विचारतात, बाई, अजून किती? मी काय सांगते? मी म्हटलं, काय सांगतेस? ती म्हणाली, आलाच तुमचा नंबर.

आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. दिपक. तोच, बोटवाला, ज्याच्या इंजिनाने माझा मंगळवार आणि गुरुवार खाल्ला. म्हणाला, धनेश, तू बुधवारी दोन दिवस म्हणाला होतास, आज शनिवार, बोट वाळूत बसून आहे, खलाशी घरी बसून आहेत, त्यांना मी काय सांगू? आणि माझ्या तोंडातून, तुम्हाला सांगतो, मी ठरवून नाही बोललो, आपोआप निघालं, म्हटलं, दिपक, होतच आलं.

योगिताने ऐकलं. धर्मेशने ऐकलं. रुपलने पहिल्यांदा मान वर केली.

योगिता उठली आणि तिने धर्मेशला विचारलं, तुम्ही जेवलात का? तो म्हणाला, नाही बेन, कुठे वेळ आहे. तिने डबा उघडला. उपकेंद्रातल्या मावशीने नाशिकच्या वाटेसाठी नागलीच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी करून दिली होती. एक भाकर त्याला दिली, एक रुपलला. धर्मेश टायरवर बसून सावकाश जेवला. वीस मिनिटं. माझ्या गाडीची वीस मिनिटं. आणि गंमत सांगतो, मला राग आला नाही.

राहिलेली भाकर आम्ही दोघांनी खाल्ली. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या, समोर ऑइलच्या डब्यांचं कपाट, डोक्यावर पंखा, तोही आवाज करणारा. आणि बोलत बसलो. तुम्ही लक्षात घ्या, शनिवार-रविवार ती घरी येते तेव्हा काय होतं? ती आल्या आल्या कपडे भिजवते, माझ्या आईची गोळ्यांची डबी भरून देते, मला कोणीतरी जेटीवरून हाक मारतं, परत येतो तोवर ती झोपलेली असते. सलग तीन तास बाजूबाजूला आम्ही लग्नात बसलो होतो. पण तेव्हा बोलायची सोय नव्हती.

ती मला सांगत होती की क्वार्टरमध्ये संध्याकाळी हायवेचे ट्रक ऐकू येतात, पहिल्या महिन्यात झोप लागायची नाही, आता ट्रक थांबले तर जाग येते. एका पाड्यावरची मुलगी, एकोणीस वर्षांची, दोन तास चालत आली आणि अंगणातच बाळंत झाली, बाळाचं वजन दीड किलो, आणि ते जगलं. ही रोज त्याला जाऊन बघायची. आता तीन महिने कोण बघणार, म्हणाली. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल फोनवर, मी इंजिनात डोकं घालून हं हं केलं असेल.

मग आतून धर्मेशने चेन फिरवून दाखवली. आवाज नाही. लोण्यासारखी. मी खूश होऊन म्हटलं, बघ, गेला तुझा आवाज. तर ही चेनकडेच बघत बसलेली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली,

"शनिवारी वळणावर आवाज आला की मी भात टाकायची. आता कळणार कसं?"

दोन वर्षं ती त्या आवाजाची तक्रार करत होती. मी म्हटलं, सैल करायला सांगू का परत? ती म्हणाली, वेडे आहात का. पण हसली. डोळे पुसत हसली, आणि मी ऑइलच्या डब्यांवरच्या किमती वाचत बसलो, कारण समोर रुपल होती आणि मला काही ते... असो.

पावणेचारला धर्मेश म्हणाला, धनेशभाई, झाली. आणि तुम्हाला काय सांगू, सकाळपासून जो शब्द ऐकायला मी तळमळत होतो, तो ऐकून मी खुर्चीतून उठलोच नाही. मी म्हटलं, क्लच बघितला? बघितला. मागचा ब्रेक? केला. हवा? भरली. मी म्हटलं, एकदा पुढचं चाक काढून बघा ना. धर्मेश माझ्याकडे बघत राहिला. योगिता म्हणाली, अहो, साडेचारची गाडी आहे.

बिल भरलं. लेबरवर एक शब्द बोललो नाही.

घरी जायला वेळ नव्हता. एक बॅग टाकीवर, एक तिच्या मांडीवर, तसेच डेपोत गेलो. गाडी अशी चालत होती की हिसका नाही, आवाज नाही, काही नाही. पाच मिनिटांत पोचलो. इतकी चांगली चालायला काय नडलं होतं तिला? आणि एस्टी, जी इतर दिवशी अर्धा तास उशिरा लागते, ती त्या दिवशी फलाटावर उभी. तिला खिडकी मिळाली. म्हणाली, बोंबील टाकू नका, खा. दिपकचं इंजिन आधी द्या. मी हो म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, तोवर कंडक्टरने घंटी मारली.

बोंबील खाल्ले, चार. बाकीचे शेजारी दिले. रविवारी पहाटेपासून बसून दिपकचं इंजिन दिलं.

मंगळवारी फोन आला. नंबर ओळखीचा नाही, मुलगी बोलत होती, आवाज एकदम गोड. सर, आपण आमच्याकडे गाडी सर्व्हिस केलीत, दोन मिनिटं फीडबॅक द्याल का. म्हटलं, विचारा. कर्मचाऱ्यांची वागणूक? चांगली. लेबर चार्ज योग्य वाटला का? मला धर्मेशचे तेरा हजार आठवले, म्हटलं, ज्याने काम केलं त्याला मिळाला असता तर योग्य वाटला असता. ती म्हणाली, सर, हो की नाही? म्हटलं, पुढे चला.

मग म्हणाली, सर, सर्व्हिसला लागलेला वेळ कसा वाटला, योग्य की जास्त?

मी विचार केला. खरंच केला, तिकडे ती हॅलो हॅलो करत होती. मग म्हटलं, कमी.

तिने कागद बघितला असेल. म्हणाली, "सॉरी सर, कमीचा ऑप्शन नाहीये."

म्हटलं, मग काय... टाका जास्त.