माकड आणि अळंबी

सोसायटीच्या चारा छावणीत आप्पा बैलापाशीच मुक्कामाला असत. त्यांची लेक दानम्मा रोज भाकरी पोचवी. त्या दिवशी ते म्हणाले, "बस की घडीभर."

"वाचनालय बंद होईल आप्पा. उद्या बसते."

पहाटे आप्पा झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी ती बैलाला चारा टाकत होती. शेजारच्या दावणीपाशी सुंदरराव आणि छबुबाई हे म्हातारं जोडपं जेवत होतं. भाकरी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर आयाळवाल्या माकडाचं चित्र होतं.

"अगं छबू, ही माकडं थोडीच उरल्यात म्हनं."

"आन् आपल्या बनातली अळंबी? तीन सालं झाली, दिसली न्हाई."

"अळंबीचं येगळं. तिचा जीव मातीत दोऱ्यावानी पसरल्याला असतो. पाऊस झाला का येती वर."

"आन् माकड?"

"त्याचं झाड तुटलं का संपलं. मागं कायबी ऱ्हात न्हाई."

"मंग अळंबीची वाट बघावी, आन् माकडाला दिसतंय तवर बघून घ्यावं."

"लई शानी झालीस."

"अवं, पर तुमाला काय समजू? अळंबी का माकड?"

"माकडच समज. आन् हिकडं बघून वाढ, कालवण सांडतंय."

"बघतेच हाय की. चाळीस सालं झाली."

दानम्मानं चाऱ्याची पेंढी खाली ठेवली. बैलाशेजारी आप्पांचं पोतं अजून अंथरलेलंच होतं. ती त्याच्या कडेला टेकली, अर्धं पोतं मोकळं सोडून.

"बसले बघा, आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "मला तुमच्यापाशी बसायला लई आवडतं."