सोपटाचं माप

जळगावात भिकमचंद शेठच्या दुकानात कुसुमलताबाई सायकलच्या ट्यूबसाठी थांबल्या होत्या. समोर असोद्याचे देवचंद आणि मंदाबाई उभे होते. मोटरसायकलवर बसणाऱ्या लहानग्या लेकीच्या हेल्मेटसाठी ते तिसऱ्यांदा आले होते; आधीची दोन्ही लहान पडली होती.

"देवचंदभाऊ, तुम्ही आणलेल्या मापाचंच दिलं ना मी?"

"पन शेठ, ते पोरीच्या डोक्यात जातच नाही!"

"माप घेता तरी कशानं?"

"केळीच्या सोपटानं, खांबाच्या सालीच्या पट्टीनं. हे पहा, काल बागेतून हिरवंगार तोडलं."

"हे हिरवं आहे? पार वाळलंय!"

"हरवू नये म्हनून रातभर चुलीवर टांगलं व्हतं."

"अहो, मग आकसणार नाही का ते? तिन्ही वेळा असंच केलंत?"

"तिन्ही वेळा ताजं तोडलं, शेठ!"

"मी म्हनत व्हते, पोरीलेच घेऊन चला."

"तू गप बस. तिची शाळा बुडली असती."

"हे घ्या मोठं. चौथ्यांदा सोपट आणलंत तर दुकान बंद करून मीच असोद्याला येईन. आणि मंदाबाई, कपाळावर ही खोक कसली?"

"महिना झाला, भाऊ, गाडीवरून पडले. पोर मांडीवर व्हती. दोन्ही हातानं तिले वर धरलं, मंग मले लागलं."

"अरे देवा! मग तुमच्यासाठीही एक काढतो."

"मले कशाले? माह्या डोक्यावर पदर हाये ना."