फक्त मराठीत लिहावे

हाँ हाँ, बोल हिंदीत, तुला कोण काढतंय इथून — फक्त आंटी म्हणू नकोस, चंदामावशी म्हण — आणि त्या मेथीच्या वाफ्यातून पाय काढ आधी. तर काय म्हणालीस, ऑनलाइन कम्युनिटी कशी वाढवायची? ऑफिसनं काम दिलंय, आणि तुला वाटलं, मावशीच्या 'गोमतीकाठचे मराठी' ग्रुपवर चारशे माणसं होती, मावशीलाच विचारू. होती, हे बरोबर बोललीस. पण अंतरा, मी खरं शिकले ते या अंगणात. लिहून घे. पाणी कमी घालायचं. नवं माणूस आलं की आपण काय करतो? गुलाबाचा फोटो, सुप्रभात, सुविचार, त्यावर परत गुलाब — मी रोज आठ टाकायचे, आठ! — कुंडीत एवढं पाणी ओतलं तर मूळ सडतं की नाही? सडतं. माणसं सडत नाहीत, म्यूट करतात. आणि नवं रोप आणल्या आणल्या उन्हात ठेवायचं नाही. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरून एक एअरफोर्सवाली आली ग्रुपवर, आल्या दिवशी मी तिच्या गळ्यात अख्ख्या ग्रुपच्या कोजागिरीच्या दुधाचं काम मारलं — दुसऱ्या दिवशी लेफ्ट!

मग खुरपणी. त्यात मी उस्ताद. नियम माझाच — फक्त मराठीत लिहावे, तीनदा हिंदी लिहिलं की बाहेर, कुणाची गय नाही. हसू नकोस. पोरं इथल्या शाळांत शिकलेली, मराठी कळतं, पण लिहायला बसली की हिंदी — माहीत नव्हतं का मला? होतं गं, तरी काढली. पोरं गेली, मग त्यांच्या आया गेल्या, आयांबरोबर पुरणपोळीचे फोटो गेले. आता अकरा जण आहोत, त्यातले दोन नंबर माझेच. अक्कल कधी आली म्हणतेस? गेल्या आठवड्यात. वाफ्यातलं तण उपटून कुंपणाशी ढीग लावला, तर शेजारची चंद्रप्रभा धावत आली, 'दीदी, ये तो बथुआ है, फेंकिए मत!' — उचलून नेलं आणि संध्याकाळी पराठे घेऊन हजर. एक घास खाल्ला — अगं, हा तर चाकवत! वर्ध्याला आई ताकातला करायची. मी भाजी उपटून फेकत होते आणि स्वतःला मोठी बागवाली समजत होते.

राजरत्न? त्याचं तुला कुणी सांगितलं? हो, माझाच मुलगा, काढलं त्यालाही. दोनदा हिंदी आधीच झालेलं, तिसऱ्यांदा लिहिलं ते त्याच्या बाबांबद्दल — त्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी. सुरुवातच 'पापा'. वर्ध्याच्या माणसाला पापा! म्हटलं, घरच्याला सूट दिली तर लोक काय म्हणतील — काढला, चारशे जणांसमोर. पूर्ण वाचलंसुद्धा नाही. नंतर वाचलं. 'पापा रोज मेरी स्कूल की टाई बाँधते थे, और रोज टेढ़ी बाँधते थे.' वाकडीच बांधायचे, खरंय. मला वाटायचं, हे मला एकटीलाच आठवतंय. फार चांगलं लिहिलं होतं गं, आणि मी… जाऊ दे. त्यानं वेगळा ग्रुप काढला, सगळे तिकडेच गेले. कुठे असतो? वर! या जिन्यावरच्या खोलीत. खाली येतो, ताट उचलतो, वर जातो, तीन महिने हेच चाललंय. लाज वाटते मला, पण माफी मागायला जिना चढवत नाही.

तुझ्याकडे आहे त्याच्या ग्रुपची लिंक? बघू. माझ्या फोनवर पाठव. दाबू? — हे काय, अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल? वा! घर माझं, जिना माझा, आणि मंजुरी त्याची! आणि वर कारण लिहा म्हणतंय. काय लिहू? नको, तू सांगू नकोस, मीच लिहिते — 'टाई वाली बात सही है, बेटा.' हो, हिंदीतच. गेलं.

वर फोन वाजला, ऐकलंस? — गप जरा. — खुर्ची सरकली. — दार… अगं, तू अजून इथेच? ही मेथीची जुडी घे आणि मागच्या फाटकानं नीघ. चल, जा, जा म्हणते ना!